ट्रायल रूममधलं उद्घाटन

तीर्थस्वरूप भावोजींना त्यांच्या एकुलत्या एक मेहुण्याचा साष्टांग नमस्कार.

इकडे सगळे ठीक. तुमचा गुडघा कसा आहे? थोरल्या भावांच्या घरचा जिना तुमच्या गुडघ्याला मानवत नाही हे आम्हाला माहीत आहे. तरीही पोरीचं प्रदर्शन संपेपर्यंत तुम्ही तिकडे राहायला गेलात, म्हणजे राग गुडघ्यापेक्षा मोठा आहे हे आम्ही समजून घेतलं. फोनच करणार होतो, पण माझा आवाज ऐकला की तुम्ही फोन उशीवर ठेवून आंघोळीला जाता. (मला सगळं कळतं. मागच्या वेळी नळाचा आवाज येत होता, तरी मी मुद्दा पूर्ण केला.) म्हणून पत्र.

पहिल्यांदा एक स्पष्ट करतो. हे पत्र तुम्हाला बोलावण्यासाठी नाही. ताईने मला बजावलंय, "भोंग्या, त्यांना या म्हणू नकोस. काय झालं तेवढं कळव." तेव्हा कळवतो. शनिवारी दुकानाच्या किल्ल्या त्या मोबाइलवाल्या भाडेकरूच्या हातात जाणार, भिंतींना रंग लागणार, आणि मग तिथलं तुमच्या मुलीचं चित्रप्रदर्शन तुम्ही बघायचं राहिलं ते कायमचं. पोर रोज सकाळी शटर वर करते आणि रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे एकेकदा बघून आत जाते. मी या म्हणत नाही. ती बघते, एवढंच कळवतो.

आता माझी मतं तुम्हाला ठाऊक आहेत. आधुनिक चित्रकला ही आपल्या काळातली सर्वांत सभ्य फसवणूक आहे, हे मी वाचनालयाच्या सभागृहात, कामगारांच्या मेळाव्यात आणि एकदा दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीतही (तोंडात कापूस असताना) सांगितलेलं आहे. जे चित्र समजायला शेजारी कागद चिकटवावा लागतो, ते चित्र की औषधाची बाटली? त्यामुळे भाचीने उद्घाटनाचं भाषण माझ्याकडे दिलं तेव्हा मला आश्चर्य वाटलं. नंतर कळलं की तिने आधी तुम्हाला विचारलं होतं, आणि तुम्ही म्हणालात, "दुकान बंद पडलं तेव्हा कोणी विचारायला आलं नाही, आता तमाशा बघायला येतील." हे वाक्य ती मला सांगत होती तेव्हा हसत होती. तुमची मुलगी कधी हसते हे तुम्हाला मी सांगायला नको.

तर दुकान. कपाटं रिकामी आहेत, काउंटर तिथेच आहे, हँगरच्या दांड्या तिथेच आहेत. मी आत गेलो आणि विचारलं, चित्रं कुठायत? पोर म्हणाली, "ट्रायल रूममध्ये. एका खोलीत एक. एका वेळी एकच माणूस, आतून कडी लावायची." मला हा प्रकार लोकशाहीविरोधी वाटला, तसं मी बोललोही. कला चार लोकांत बघायची की कपडे बदलल्यासारखी? ती म्हणाली, "मामा, चार लोकांत तू कधी काही बघतोस का? तू बोलतोस." (हा उद्धटपणा तुमच्याकडून आलाय. आमच्या घराण्यात एवढ्या कमी शब्दांत कोणी बोलत नाही.)

लोक आले, भावोजी. तमाशा बघायला असेल, पण आले. समोरचा न्हावी कात्री खिशात घेऊनच आला. घड्याळवाले आले. तुमच्या एक जुन्या गिऱ्हाईक बाई स्वेटर बदलून घ्यायला आल्या. दुकान बंद झाल्याचं त्यांना माहीत होतं, पण शटर उघडं दिसलं म्हणून घरून पिशवी घेऊन आल्या, म्हणे एकदाच घातलाय. पोरीने त्यांना समजावलं तर म्हणाल्या, बरं, मग खोलीत तरी जाऊन येते. आणि मग दुपारभर जे चाललं ते कुठल्याही सभागृहात घडणार नाही. माणूस चित्र बघून बाहेर येई आणि सवयीने दारात उभा राहून एक गिरकी घेई. बाहेर बसलेली बायको सवयीने वरपासून खालपर्यंत बघे. त्या स्वेटरवाल्या बाई बाहेर आल्या तर त्यांचे यजमान वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "बसलं का?" बाई म्हणाल्या, "अहो, चित्र होतं." यजमान म्हणाले, "हो, पण खांद्यात?"

आता माझी हकीकत. भाषणाआधी कॉलर बघावी म्हणून मी शेवटच्या ट्रायल रूममध्ये गेलो. कडी लावली. कॉलर ठीक होती, कडी नव्हती. ती वर होईना, खाली होईना. बाहेर लोक जमलेले, घड्याळवाल्यांनी टाळी वाजवून वेळ झाल्याचं सांगितलं. आता मला सांगा, ज्या माणसाने माईक बंद पडलेला असताना मैदान गाजवलंय, तो एका प्लायवूडच्या दारापुढे हार मानेल? मी आतूनच सुरुवात केली. बंधुभगिनींनो म्हटलं आणि सरळ विषयाला हात घातला. समोर, नाकापासून वीतभर अंतरावर, ते चित्र होतं. मला दिसत होता फक्त एक मातकट ढिगारा आणि त्यावर ओला डाग. मी म्हणालो, पाहा, मला इथे काहीही दिसत नाही. मी म्हणालो, ज्या कलेने माणसाकडे पाठ फिरवली, तिच्याकडे माणसाने का बघावं. बाहेर शांतता होती. मला वाटलं, सभा माझ्या मुठीत आहे. (नंतर कळलं की निम्म्यांना हा प्रदर्शनाचाच भाग वाटला, आणि एका वार्ताहराने 'अदृश्य वक्त्याचा अस्वस्थ करणारा प्रयोग' असं छापलं. ते कात्रण सोबत जोडलेलं नाही.)

मग घाम पुसायला मी आरशाकडे वळलो. त्या खोलीत मागे सरकायला जागाच नाही, त्यामुळे चित्र पूर्ण दिसतं ते फक्त आरशात, आपल्या खांद्यावरून. तो ढिगारा म्हणजे तुमची पाठ होती. तुम्ही स्टुलावर उभे, एक हात सगळ्यात वरच्या फळीकडे, दुसरा कपाटाला धरलेला, पाठीवर घामाचा डाग, आणि सदऱ्याची झिजलेली कॉलर उलटून शिवलेली. जन्मभर लोकांना नवे सदरे विकले आणि स्वतः उलटलेल्या कॉलरचा घालत राहिलात. मी तो सदरा कित्येकदा पाहिला असेन, पण कॉलर मला त्या दिवशी दिसली. आरशात मी तुमच्या मागे उभा होतो, दुकानात गिऱ्हाईक उभं असतं तसा. माझं वाक्य अर्धं राहिलं. बाहेर ताईचा आवाज आला, "तो गप्प झालाय. काहीतरी झालंय, दार उघड लवकर." पोरीने दार थोडं उचलून गुडघ्याने ढकललं, तुम्ही ढकलायचात तसंच, आणि ते उघडलं. म्हणजे तिला पहिल्यापासून उघडता येत होतं. विचारलं तर म्हणाली, तू रंगात आला होतास.

माझ्यामागून ताई आत गेली. बऱ्याच वेळाने बाहेर आली. गिरकी वगैरे घेतली नाही. "तो टाका माझा आहे," एवढंच म्हणाली, आणि पाणी आणायला गेली.

आता मी भाषण करतो आहे असं समजू नका, पण एक गोष्ट मला सांगितलीच पाहिजे, आणि इथे तुम्हाला आंघोळीला जाता येणार नाही. दुकान तुम्ही बुडवलं नाही. ज्या चकचकीत इमारतींनी ते बुडवलं, तिथे माणूस गळ्यात कपडा अडकवून एकटा उभा असतो आणि बरा दिसतोय का हे सांगायला कुत्रं नसतं. तुम्ही त्या स्वेटरवाल्या बाईंना कधीच 'हे तुम्हाला शोभत नाही' म्हणाला नाहीत, 'थांबा, वरचा एक दाखवतो' म्हणून स्टुलावर चढलात. हा गुडघा त्या स्टुलाने खाल्लाय. यात लाज वाटण्यासारखं काय आहे ते मला कोणीतरी व्यासपीठावर येऊन समजावून सांगावं. दुकान बंद पडल्याची लाज तुम्हाला वाटत असेल, तर ती या गावात फक्त तुम्हालाच वाटते. बाकीच्यांना तुमची आठवण येते. न्हावी दोनदा आत जाऊन आला.

आधुनिक चित्रकलेबद्दलचं माझं मत अर्थातच कायम आहे.

गुडघ्याला जपा. थोरल्यांना नमस्कार, वहिनींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला,
भोंगा

ता. क. तुम्ही येणार नाहीच, पण आलात तर दुपारी या. सकाळी ताई तिथे असते आणि ती म्हणेल की मी बोलावलं.

ता. क. दुसरा. एक अडचण आहे. त्या शेवटच्या खोलीतल्या चित्राला गिऱ्हाईक आलंय. पोर द्यायला तयार नाही. म्हणते, ज्यांची पाठ आहे त्यांनी आधी बघितल्याशिवाय हे जागचं हलणार नाही. गिऱ्हाईक रोज येतं, काउंटरपाशी उभं राहतं आणि परत जातं. गिऱ्हाईक ताटकळत ठेवलेलं तुम्हाला कधी खपलंय का?

ता. क. तिसरा. गिऱ्हाईक मीच आहे. कृपा करून शनिवारच्या आत या. आणि हे ताईला सांगू नका, ती आधुनिक चित्रकलेविरुद्धचं माझं पहिलं भाषण काढून वाचून दाखवेल.