दवाखान्याची चादर

३ जून

चि. धाकटीस अ. आ.

छातीच्या तपासणीत निघालं ते आधी सांगतो. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी, महाधमनी, रुंद झाली आहे. शाळेतल्या कवितांत हृदय फुलायचं, विरघळायचं, भंगायचं. त्यातून निघणारी नळी जुन्या मोज्यासारखी सैल पडते, हे एकाही कवीला सुचलं नाही. पडद्यावर ती पाहिली आणि स्वतःचीच शिसारी आली. असलं ओलंगिच्च प्रकरण छातीत घेऊन मी जन्मभर चांदणं बघत बसलो.

ऑपरेशन तूर्त नाही. रक्तदाबाची गोळी रोज, सिगरेट बंद, सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी. जेवण अळणी, भाजी उकडलेल्या फडक्यासारखी लागते. बांधणीच्या दुकानात पुस्तकं दाबायचं यंत्र आता कामाला ठेवलेला मुलगा आवळतो. बाबांनी आपल्याला शिकवलं होतं ना, श्वास कोंडून जोर लावायचा? डॉक्टरांनी ते साफ बंद केलं. त्यानं दाब एकदम चढतो आणि रुंदावलेली धमनी फाटू शकते म्हणे.

हे घराण्यात असू शकतं, सख्ख्या भावंडांनी तपासून घ्यावं, असंही ते म्हणाले. तू लाँड्रीत ओल्या चादरींचे गठ्ठे तसेच उचलतेस. लगेच जा.

माया आहे तशीच राहो.
दादा

११ जून

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र जेवता जेवता वाचलं आणि ताट सरकवलं. मोज्याची उपमा द्यायला कवी कशाला हवा, तू आहेस की.

मी जाणार नाही. इथल्या दवाखान्याच्या चादरी माझ्याच लाँड्रीत येतात. त्यांवर काय काय असतं ते मला विचार. नको, विचारू नकोस. मीच धुतलेल्या असल्या तरी तिथे पाठ टेकायच्या विचारानं मळमळतं. शिवाय मला काही होत नाही. तू मात्र चोरून झुरके मारू नकोस.

लोभ आटू देऊ नकोस.
धाकटी

१६ जून

चि. धाकटीस अ. आ.

होत मलाही काही नव्हतं. खोकल्यासाठी फोटो काढला म्हणून कळलं. धमनी फाटली तर तुला त्याच चादरीवर टाकतील, तेव्हा कसली किळस करशील? घरची चादर घेऊन जा, पण जा.

शाळेच्या वाटेवर मी कविता म्हणायचो आणि तू चुकलेल्या ओळी ओरडून दुरुस्त करायचीस. ते आठवणारं माणूस आता तू एकटीच उरलीस. तुझ्या हट्टाचा मला वीट आला आहे.

रागावलो तरी तुझाच,
दादा

२ जुलै

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

गेले. घरची चादर अंथरली, नर्सबाई हसल्या, हसू दिलं. माझी धमनी तुझ्याहून पुष्कळ रुंद निघाली. ऑपरेशन लांबवता येणार नाही, पुढच्याच आठवड्यात, नऊ तारखेला आहे. गठ्ठे उचलणं सोडलं.

मी उठले, चादर घडी करून पिशवीत टाकली, तेव्हा डॉक्टरांनी मुलंबाळं किती म्हणून विचारलं. लेक दारात नाकाला पदर लावून उभी होती. ही किळस तिनं माझ्याकडूनच उचलली. हिचीही धमनी आत्ताच बघा म्हटलं. पिशवी उघडत बसले नाही. दवाखान्याची होती त्याच चादरीवर तिला निजवलं आणि ती उठू नये म्हणून खांदा दाबून धरला. तिची धमनी ठीक आहे.

तू आदल्या दिवशीच ये. लोभ पत्रातून नको, घेऊनच ये.
धाकटी