विंडोज काढलं त्याचं कारण

प्रिय ताईबाई,

सप्रेम जयभीम.

फोन असताना ही बाई पाकीट का पाठवते, असं तुम्ही तुमच्या सम्राटला विचाराल. कारण साधं आहे. फोनवर तुम्ही बोलता आणि मी ऐकते. माझी पाळी येईपर्यंत तुमच्याकडे कुकरच्या शिट्ट्या होतात, नाहीतर मागच्या रुळावरून एखादी मालगाडी जायला लागते आणि मग काहीच ऐकू येत नाही. शिवाय फोन बहुतेक वेळा गौतमी उचलते, आणि मला बोलायचं आहे ते लेकीशी नाही, तिच्या सासूशी, तुमच्याशी. तिला आठवा लागत आला. बाळंतपण शिरूरला की दौंडला, हा विषय अजून ना तुम्ही काढलात ना मी. त्यावर शेवटी येते. आधी ती बातमी, जी फोनवर तुम्हाला अर्धीच कळली.

माझ्या टायपिंगच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवरचं विंडोज मी काढून टाकलं. आता त्यावर तुमच्याकडे गौतमीच्या मशीनवर आहे तेच लिनक्स आहे. तसाच डावीकडे चित्रांचा पट्टा, तसाच जांभळट पडदा. घालून दिलं धम्मदीपने. तो माझा जुना विद्यार्थी, एसटी स्टँडजवळ त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. म्हणाला, "मॅडम, लोक माझ्याकडे विंडोज घालून घ्यायला येतात, तुम्ही चालू असलेलं काढायला निघालात. तब्येत बरी आहे ना?" मी म्हटलं, माझी तब्येत मी बघेन, तू काम कर. गौतमीचे पप्पा एकदा जेवताना म्हणाले, "लग्नातला मिक्सर अजून तू बदलला नाहीस, आणि हे बदललंस?" रांजणगावच्या कंपनीतून निवृत्त झाल्यापासून माझ्या वस्तूंवर लक्ष ठेवायची ड्यूटी त्यांनी स्वतःच लावून घेतली आहे.

तुम्हाला ही सिस्टीम सोपी गेली, कारण आधीचं काही विसरायचं नव्हतं. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. खरं तर थोडं टोमणा म्हणूनच लिहिते आहे. मी शिरूरच्या कॉलेजात बी.ए. केलं, मराठी टायपिंगची सरकारी परीक्षा दिली आणि पुढे तहसील कचेरीतल्या निम्म्या लोकांना मीच टायपिंग शिकवलं. अक्षरांकडे बघून टाइप करणाऱ्या मुलींच्या हातांवर मी रुमाल टाकत असे. आता माझीच बोटं पडतील तिथे भलतं अक्षर उमटायला लागलं. टाइपरायटरवर पहिली वेलांटी आधी मारायची आणि मग अक्षर. नव्या सिस्टीममध्ये आधी अक्षर, मग वेलांटी. 'शिरूर' लिहायला गेले तर वेलांटी एकटीच ठिपक्यांच्या गोलाला धरून पुढे उभी, आणि श तिच्या मागे. जुन्या फॉन्टमधले माझे नमुने, पत्रिका, प्रतिज्ञापत्रं, सगळी उघडली की इंग्रजी अक्षरांची भेळ. बंद करायचं बटण कुठे, छापायचं कुठे, फाइल ठेवली ती गेली कुठे, प्रत्येक गोष्टीला हात अडखळायचा. पहाटे उठून मी दुकान उघडत होते, म्हणजे गिऱ्हाईक यायच्या आत चुका करून घ्याव्यात.

त्यात मांडवगण फराट्याचे तात्याबा पुतणीच्या साखरपुड्याची पत्रिका न्यायला आले आणि मी अजून पहिल्या ओळीवर. त्यांनी विचारलं, "बाई, आजारी हायसा का?" मी म्हटलं, नाही, शिकतेय. तर म्हणाले, "आता शिकताय? मग पत्रिका कवा?" मी त्यांना दुसऱ्या दिवशी या म्हणून घालवलं. माझ्या दुकानातून असं कोणाला घालवायची वेळ आजवर आली नव्हती. तात्याबा पायऱ्या उतरले आणि मला तुमचा राग आला. त्यांचा नाही, धम्मदीपचा नाही, तुमचा.

तसा तो जुनाच आहे. डोहाळजेवणापासूनचा. त्याची पत्रिका मोबाइलवर आली तेव्हा मला वाटलं, दौंडच्या एखाद्या दुकानातून करून घेतली असेल. फुलांची चौकट, गुलाबी अक्षरं, दोन्हीकडचे समास वेगळे, आणि तुमच्या भावकीतलं एकही नाव न सुटलेलं. खाली गौतमीने लिहिलं होतं, "आईंनी स्वतः केली. कशी आहे?" मी छान म्हणून कळवलं. ताईबाई, या तालुक्यातल्या किती घरांच्या पत्रिका मी केल्या असतील. माझ्या एकुलत्या एक मुलीच्या डोहाळजेवणाची मात्र तुम्ही केलीत. मला कोणी विचारलंसुद्धा नाही. दौंडला आले तर तुमच्या कॉलनीतल्या बायका त्याच पत्रिकेचं कौतुक करत होत्या. "एवढी हुशार सासू हाय का कुणाची?" आणि तुम्ही हात उडवून म्हणालात, "मी कसली हुशार बाई, माझी पोरगी शिकवती मला." माझी पोरगी. मी तो शब्द पुरणपोळीबरोबर गिळला. पुरणपोळी चांगली झाली होती, ते मान्य.

ती तुम्हाला कशी शिकवते ते मी त्या दिवशी पाहिलं. तुम्ही खुर्चीत, ती तुमच्या खांद्यावर हनुवटी टेकून, माउसवर तुमचा हात आणि त्यावर तिचा. तुम्ही काही चुकीचं दाबलंत की दोघी हसता. मला ती फोनवर शिकवते. "आई, मागे जा. नाही, तिथे नाही. अगं, तिथे नाही म्हटलं ना." लहानपणी मीच तिला हसू दिलं नव्हतं म्हणाल, तर म्हणा. टायपिंग शिकवताना हसून चालत नाही. पण पाहुण्यांशी ओळख करून देताना ती माझ्याकडे हात करून म्हणाली, "या माझ्या शिरूरच्या आई." तिला जन्म दिल्यापासून मी नुसती आई होते. गावाचं नाव लावायची वेळ त्या दिवशी आली.

आता तात्याबांच्या पत्रिकेचं सांगते, कारण तुमचं देणं ठेवायला मला आवडत नाही. ते गेल्यावर मी नाइलाजाने गौतमीला फोन लावला आणि तो तुम्ही उचललात. "झोपलीय ओ ती, पाय सुजल्यात. मला सांगा की काय हाय ते." मी फोन ठेवणारच होते. पण पाय सुजल्याचं मला कोणी सांगितलं नव्हतं. ते ऐकल्यावर फोन ठेवता येईना. डॉक्टरांना दाखवलं का, मीठ कमी केलं का, असं विचारता विचारता कीबोर्डचंही बोलून गेले. तर तुम्ही हसलात. "आवो विहीणबाई, घाबरताय कशाला? मशीन हाय ते, चावतंय व्हय? वर कोपऱ्यात भाषेचं हाय बघा, ते दाबा. आता खाली खाली जावा. मी समदं दाबून बघत असती, पोरगी वरडती माझ्यावर. आन् हितं खाली टाइपरायटर असं लिवलंय. हे तुमचंच न्हवं का?"

माझंच होतं ते. सिस्टीम घातली त्या दिवसापासून यादीत होतं. मी यादी पुढे वाचलीच नव्हती. समोर येईल त्यावर मान खाली घालून सराव करायचा, हीच माझी रीत. जे दिसेल ते दाबून बघणाऱ्या मुलींना मी वर्गाबाहेर काढत आले. ते दाबलं आणि बोटं आपापल्या जागी जाऊन बसली. तात्याबांची पत्रिका दिवेलागणीच्या आत छापून तयार होती. तुम्हाला मी नुसतं "बरं" म्हणून फोन ठेवला. आभार आता मानते. तुम्ही ही गोष्ट सगळ्या कॉलनीला सांगितली असणार, हेही मला माहीत आहे. सांगा. हे पत्रही त्याच मशीनवर टाइप केलं आहे आणि एकही वेलांटी जागा सोडून गेलेली नाही.

हे सगळं मी का केलं ते आता लिहिते. दिवाळीनंतर गौतमी शिरूरला आली होती. माझ्या मशीनवर बसून तिने काहीतरी उघडून पाहिलं आणि म्हणाली, "आई, यावर माझं काम चालणार नाही गं. बाळंतपणाला आले तरी मला इथे फार दिवस राहता नाही येणार." पुण्याच्या त्या संस्थेची शाळेची पुस्तकं ती घरून, लिनक्सवरच, मांडून देते. काम तुकड्यावरचं, त्याला रजा नाही, आणि तिचं ते मोठं मशीन दौंडहून आणायचं तर टेम्पो करावा लागेल. मी तिला एसटीत बसवलं आणि स्टँडवरून तशीच धम्मदीपच्या दुकानात गेले. आता तिच्या कामाला लागतं ते सगळं माझ्या मशीनवर आहे, आणि काही अडलं तर काढून द्यायला मी आहे. मागच्या रविवारी तिला हे सांगितलं. तर ती म्हणाली, "सम्राट रेल्वेच्या गाडीवर ड्यूटीला गेला की इकडे आई एकट्याच असतात गं. त्यांना करमायचं नाही." म्हणजे अडलं होतं ते मशीनवर नव्हतंच. ते ऐकून मला काय वाटलं ते लिहीत नाही, तुम्ही समजा. तिने तुम्हाला अजून विचारलेलं नाही. विचारलं असतं तर तासाभरात तुमचा फोन आला असता. ती विचारणारही नाही. तुम्ही स्वतःहून जा म्हणालात तर येईल, आणि म्हणताना तुमचा आवाज जरा जरी ओला झाला तरी राहील. तेव्हा रडायचं असेल ते पत्र वाचतानाच रडून घ्या आणि मग तिला हसत सांगा, तुमच्या त्या बोलण्यात. मला तसं बोलता येत नाही. आलं असतं तर हे पत्र लिहावं लागलं नसतं. तुम्हाला वाटेल तेव्हा या, वाटेल तितकं राहा, पण बाळाला पहिली आंघोळ मी घालणार. मुलगी तुमच्या घरी दिली तेव्हा मी तुमच्याकडे काही मागितलं नव्हतं. आता मागते. बाळाला घेऊन ती तुमच्याच दारात परत येणार आहे, पुढचं सगळं तुमच्याच डोळ्यांसमोर होणार आहे. सुरुवातीचे दिवस मला द्या.

तुमचीच, म्हणजे लिहिताना जड जातंय तरी तुमचीच,
रत्नमाला