आईच्या पत्त्यावरची चाचणी

३ फेब्रुवारी, सोमवार

नवी नोकरी, नवं गाव, नवी वही! वही आईनं दिली. दिवसभर यंत्राशी बोलतेस, निदान चार ओळी हातानं लिहीत जा, म्हणाली. ऑफिस झकास आहे. मोठ्या खिडक्या, आणि खुर्ची कुरकुरत नाही, म्हणजे नशीबच उघडलं. कंपनी म्हाताऱ्या, आजारी माणसांच्या घरी सेविका पाठवते. मालकीणबाई आधी नर्स होत्या. अजूनही बोलताना समोरच्याची नाडी बघायची असल्यासारखं मनगट धरतात. सर्व्हर सांभाळणाऱ्याला सगळे दादा म्हणतात, वयानं तो माझ्याहून लहानच असावा. कंपनीचं वेबपान आजवर नुसतं भिंतीवरच्या चित्रासारखं होतं. ते मी ऑनलाइन डेटाबेसला जोडायचं. कुणाकडे कोणती सेविका गेली, तिनं काय केलं, हे नोंदलं गेलं की पानावर आपोआप दिसलं पाहिजे. डाव्या हातचा मळ!

५ फेब्रुवारी, बुधवार

डावा हात दुखायला लागला. सकाळपासून पान कोरंच येत होतं. शेवटी जुन्या फाइलमधली जोडणीची ओळ जशीच्या तशी उचलून डकवली आणि गाडी सुरू झाली.

इथली एक मजेशीर रीत आहे. चाचणीला खोटी नावं घालायची नाहीत, घरची माणसं घालायची. दादाचं म्हणणं, अबक लिहिलं की आपण चुकांकडे काणाडोळा करतो, आईचं नाव असलं की डोळ्यांत तेल घालून बघतो. मग मी आईलाच पेशंट केलं. पत्ता खरा. सेविका म्हणून माझं नाव, माझा मोबाइल नंबर, माझा फोटो. सूचनांच्या रकान्यात गंमत म्हणून लिहिलं: रोज जावे. चिडू नये. तेच ते किस्से हसून ऐकावेत. नेमणूक कधीपर्यंत, तो रकाना मोकळाच सोडला. पानावर माझा फोटो झळकला, खाली हिरव्या अक्षरांत 'नेमणूक झाली'.

या गडबडीत आईला फोन करायचा राहिला. उद्या करते.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

दादानं कपाळावर हात मारला. मी डकवलेली ओळ सरावाच्या डेटाबेसची नव्हतीच, खऱ्याची होती. चाचणीची नोंद खऱ्या पेशंटांमध्ये जाऊन बसली आहे. पुसायला गेले तर पुसेना. 'सेविका कामावर आहे' असं उत्तर येतं, आणि कामावर असलेल्या सेविकेची नोंद पुसता येत नाही.

आणि खाली तिचे अहवालही आलेत! 'पोचले. चहा केला. बुटांचा किस्सा ऐकला.'

बाबा एकदा मुलाखतीला दोन वेगवेगळे बूट घालून गेले होते. आई तो किस्सा हजार वेळा सांगते आणि मी तिला मध्येच तोडते. हा दादाचाच चावटपणा. पण त्याला बुटांचं कुणी सांगितलं? जेवताना मीच बोलले असेन.

१० फेब्रुवारी, सोमवार

आईला फोन केला. खूश होती. म्हणाली, काल आलीस ते फार बरं झालं गं, आणि नखंही किती हळू कापलीस.

मी गेले नव्हते.

आधी वाटलं, आईला विसरायला होतंय. म्हणून शेजारच्या काकूंना फोन लावला. त्या हसायलाच लागल्या. म्हणाल्या, अगं, काल सकाळी जिन्यात माझी पिशवी वर आणून दिलीस की! मालकीणबाई शपथेवर सांगतात, तिकडे कुणालाही पाठवलेलं नाही. म्हणजे माझा फोटो बघून कुणीतरी माझ्यासारखी नटून आईच्या घरात शिरते आहे. दादा आज माझी नजर चुकवत होता.

फोन ठेवताना आई म्हणाली होती, हल्ली तू चिडत नाहीस.

११ फेब्रुवारी, मंगळवार

डेटाबेसचा पासवर्ड बदलला. आता दादालाही आत शिरता येत नाही. तरी अहवाल येताहेत. 'केस विंचरले. बुटांचा किस्सा ऐकला. हसले.'

म्हणजे दादा नाही. मग कोण?

दुपारी मालकीणबाई मला कर्मचारी म्हणून नोंदवायला बसल्या. यंत्र घेईना. हा नंबर आधीच नोंदलेला आहे. एक नंबर, एक माणूस, हा नियम मीच बसवलाय. त्यांनी पडद्यावरच्या फोटोकडे बघितलं, मग माझ्याकडे. मनगट धरलं. बराच वेळ धरून ठेवलं आणि सोडलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

माझ्या कार्डानं ऑफिसचं दार उघडलं नाही. दादानं आतून उघडलं. कुणाला भेटायचंय, असं विचारलं. थट्टा केली असेल. हसला मात्र नाही.

आईला फोन केला. मी बोलतेय म्हटलं तर हळूच म्हणाली, माझी मुलगी स्वयंपाकघरात आहे, तुम्ही कोण?

मागे भांडी वाजत होती. कुणीतरी हसलं. माझंच हसू, पण माझ्याहून गोड—

उद्या पहिल्या बसनं जाते.

१४ फेब्रुवारी

आईच्या जिन्यात बसलेय. लॅपटॉप मांडीवर.

दार साखळीपुरतंच उघडलं. मी ओरडले. वेडी झालीस का, म्हटलं. दारावर लाथ मारली— आईवर ओरडले मी—

ती घाबरली. म्हणाली, माझी मुलगी ओरडत नाही. दार लावून घेतलं.

'कधीपर्यंत'च्या रकान्यात आजची तारीख घातली. नेमणूक संपली. आता नोंद पुसता येते. बटण समोर आहे.

पण नोंद एकच. नंबर एकच. पुसली तर दोघींतली कोण—

आत आई बुटांचा किस्सा सांगतेय. खळखळून हसतेय. असं हसताना तिला कधी—

मी बटणाला हात लावलेला नाही. तरी पडद्यावर नवा अहवाल. 'दारात एक बाई आली होती. आई घाबरली. तिचा नंबर माझाच आहे. दोन चालत नाहीत. पुसते आहे.'

फोटो गेला. माझं नाव— काय लिहायचे मी नाव—

काकू वर आल्या. मला ओलांडून गेल्या. पायरी रिकामी असल्यासारख्या—

बोटं दिसत नाहीत. पेन दिसतं—

आई, पुन्हा सांग ना बुटांचं. सगळं ऐकते. चिडणार ना