दोन बोटं वाळू

प्रिय मुंगी,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखलंस तर पत्र न फोडताच ड्रॉवरमध्ये टाकशील, या भीतीने पत्ता दातवाल्याकडून, माझ्या त्या दातांच्या डॉक्टर मित्राकडून, लिहून घेतला. शेवटी डॉक्टरचंच अक्षर ते, तुझ्यापर्यंत पोचलं हेच नशीब. आता फोडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच गं. सात वर्षांत तू बाबांच्या चौकटींच्या दुकानाची पायरी चढली नाहीस. फोनवर आपण एकमेकांची तब्येत विचारतो, तुझ्याकडे ऊन किती, माझ्याकडे किती, आणि ठेवून देतो. मला माझी बहीण परत हवी आहे. आणि ती मागायला माझं तोंड का उघडत नव्हतं, तेही सांगायचं आहे. जरा आडवळणाने सांगेन. सरळ मी फक्त लाकूड कापतो, आणि तेही रोज जमतंच असं नाही.

तर मी वाळवंटात जाऊन आलो. हसू नकोस. दातवाल्याने एक जुनी जीप घेतली आहे. तिचे दरवाजे आतून उघडत नाहीत, पण त्याला ती सुंदर दिसते. त्याला कुठूनसं कळलं, की थंडी सरताना तिकडचे कलाकार आठवडाभर आपापली घरं उघडी ठेवतात. कुणीही जावं, काम बघावं, चहा प्यावा, पुढच्या घरी जावं. दुकान सोडून कोपऱ्यापर्यंत चहालासुद्धा न जाणारा मी एका शब्दात हो म्हणालो, तेव्हा त्याने आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. सामानात मी पुठ्ठ्याची एक लांब नळी घेतली होती. त्याला वाटलं, मासे धरायचा गळ आहे. वाळवंटात गळ घेऊन निघालेला मित्र म्हणून दोन दिवस त्याने माझी यथेच्छ टर उडवली. मी उडवू दिली.

पहिल्या संध्याकाळी तंबू ठोकताना आमचा घाम निघाला. वाळूत खुंटी टिकेना. हिरडीच सैल आहे रे, असं तो म्हणे आणि आणखी जोरात ठोके. शेवटी पिशव्यांत वाळू भरून दोऱ्या त्यांना बांधल्या. तेवढ्यात मी काय करत होतो, तर खिशातला गुण्या काढून तंबूचे कोपरे काटकोनात आहेत का ते बघत होतो! बाबांचं रक्त, दुसरं काय. तू असतीस तर पोट धरून हसली असतीस. सकाळी बाहेर आलो, तर वाऱ्याने आमच्या पावलांच्या खुणा पार पुसून टाकल्या होत्या. मी तिथे जरा जास्तच वेळ उभा राहिलो.

मोटारींच्या भंगारातून पक्षी करणारे एक आजोबा भेटले. दातवाल्याने पक्ष्यांकडे पाहिलंच नाही, आजोबांना अंगणात खुर्चीवर बसवून दाढ तपासली आणि तीन दिवस गरम पाण्याच्या गुळण्या सांगितल्या. तिसऱ्या दिवशी एका घरात दोघी बहिणी गालिचा विणत होत्या. एकच माग, दोघी शेजारी शेजारी, डावी बाजू थोरलीची, उजवी धाकटीची. मी तिथे बसलो आणि उठेचना. मधेच थोरली थांबली, माझं चुकलं, एवढंच म्हणाली, आणि दोघींनी मिळून ती ओळ उसवली. ना कुरकुर, ना टोमणा. मी विचारलं, तर धाकटी म्हणाली, आमच्यात नेम आहे, ज्याचं चुकलं त्याने ओळ संपायच्या आत सांगायचं. तेव्हा एकच ओळ उसवावी लागते. गप्प बसलं की पुढच्या सगळ्या ओळी दोघींना उसवाव्या लागतात, जिचं चुकलं नाही तिलासुद्धा.

मुंगी, मी तिथून उठून जीपमागे जाऊन रडलो. चांगला पन्नाशीचा माणूस. दातवाला आला, पाण्याची बाटली दिली.

तुला सगळं माहीत आहेच, पण मी ते एकदाही कबूल केलेलं नाही, म्हणून लिहितो. चित्रकार बाईंनी चौकटीसाठी दिलेलं ते मोठं वाळवंटाचं चित्र तू नाही, मी कापलं होतं. गप्पा मारत माप घेतलं आणि चौकटीची लाकडं दोन बोटं आखूड कापली. तसलं लाकूड दुकानात उरलं नव्हतं, प्रदर्शन दुसऱ्या दिवशी होतं. मला वाटलं, खाली नुसती वाळूच तर आहे, कोणाला कळतंय? तुझी सुरी घेतली आणि चित्राचाच कागद खालून दोन बोटं उडवला. नीट पाहिलं तेव्हा त्या पट्टीवर पावलांच्या फिकट खुणा होत्या, एक मोठी जोडी, एक इवलीशी. मी ते डाग समजलो होतो. बाई आल्या, चित्र पाहिलं आणि तुला नाही नाही ते बोलल्या, कारण टेबलावर सुरी तुझी होती. बाबांनी तुलाच विचारलं, तू कापलंस? तू नाही म्हणालीस आणि माझ्याकडे पाहिलंस. मी डिंकाची बाटली पुसत बसलो. तू बराच वेळ थांबलीस गं. मग किल्ली गल्ल्यावर ठेवलीस आणि गेलीस. माझं नाव मात्र आजवर कुणाला सांगितलं नाहीस.

नळीत तीच पट्टी होती. सात वर्षं ती माझ्या कपाटात होती. बाई आता तिकडेच राहतात हे मला ठाऊक होतं, म्हणून तर मी जीपमध्ये बसलो.

ते चित्र त्यांच्या स्वयंपाकघरात आहे, त्याच आखूड चौकटीत. मी पट्टी पुढे केली आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी ती चित्राखाली धरली, आणि वाळवंटात एकदम माणसं आली. ती पावलं त्यांची आणि त्यांच्या आईची होती. बाई चिडल्या, चांगल्याच चिडल्या. म्हणाल्या, प्रदर्शनात लोक म्हणत होते काय हा एकटेपणा, काय ही रिकामी जागा, आणि मी मनात तुम्हा सगळ्यांना शिव्या देत होते. मग विचारलं, त्या मुलीला सांगितलंत का? मी नाही म्हणालो. मग माझ्याकडे कशाला आलात आधी, असं म्हणून त्यांनी भिंतीवरून चित्र उतरवलं, घोंगडीत गुंडाळलं आणि माझ्या हातात दिलं. पट्टी पुन्हा जोडायची, जोड लपवायचा नाही, दिसू द्यायचा, नवी चौकट करायची. आणि अट एकच, हे काम जिला मी बोलले तिच्या हातून व्हावं, तिची इच्छा असेल तर. चित्र न्यायला त्या स्वतः येणार आहेत, तुझी माफी मागायला.

घरी आलो तो थेट बाबांसमोर बसलो. सगळं सांगितलं. ऐंशीच्या माणसाला असं सांगणं, मुंगी, तुझ्या वाट्याला येऊ नये. झाल्यावर म्हणाले, गाढवा, मी तिला विचारलं, तुला का नाही विचारलं? मग उठून माळ्यावरून तुझा ॲप्रन काढला आणि स्वतः धुतला. फोन करू का विचारलं, तर म्हणाले, पत्र लिही, फोनवर तू रडशील आणि ती ठेवून देईल.

म्हणून हे पत्र. तुला यायचं नसेल तर नको येऊस, मी समजेन. बाबांना खरं सांगितलं आहे, ते तुझ्या येण्या-न येण्यावर अवलंबून नाही. पण कोपरे तू जोडायचीस; तू गेल्यापासून बाबांनी माझ्या ज्या ज्या चौकटीचा कोपरा खिडकीशी धरला, त्या प्रत्येकीच्या फटीतून उजेड दिसला. मी भुसा आणि डिंक भरून भागवतो. या चौकटीत तसं करणार नाही. चित्र मोठ्या टेबलावर आहे, पट्टी त्याच्या खाली. लाकडं कापून ठेवली आहेत, कोपरे जोडलेले नाहीत. माप मी तीनदा घेतलं, आणि काल बाबांनी चौथ्यांदा.

तुझाच,
ज्याचं चुकलं तो दादा