कोकूचा अर्क आणि कोरी यादी

३ फेब्रुवारी.
असुन्सिओनमध्ये मरणाचा उकाडा. डीन म्हणाले, महिनाअखेर निकाल दाखवा, नाहीतर तुमची प्रयोगशाळा फ्रेतेसला. फ्रेतेस! माझी विद्यार्थिनी. तिला फिल्टर पेपर धड दुमडता येत नव्हता. आता डॉक्टर फ्रेतेस. कोकूच्या पानांच्या अर्काने रक्तदाब उतरतो, हे मी सिद्ध करणारच.
संकल्प : कुणावर ओरडायचं नाही.

४ फेब्रुवारी.
ओरडले. माझी सहायक निमिया पानं उन्हात वाळवत होती. सावली नावाची गोष्ट ऐकली नसावी. पानं दळून अल्कोहोलमध्ये भिजवली. गाळलं मी स्वतः. या इमारतीत दुसऱ्या कुणाला गाळता येत नाही.

७ फेब्रुवारी.
अल्कोहोल उडालं, तळाशी काळपट हिरवा चिकट गोळा. देखणा. कॅप्सूल मीच भरल्या. निम्म्या लोकांना अर्क, निम्म्यांना नुसतं मांडिओका कंदाचं पीठ. सगळे इमारतीतलेच, रक्तदाबवाले. औषधी पाला घेणार नाही, अशी प्रत्येकाकडून शपथ घेतली. या लोकांवर भरवसा नाही.
उरलेली ताजी पानं निमिया फेकायला निघाली होती. उधळी! म्हटलं, पहारेकरी सिरिलोला दे, सगळ्यांच्या तेरेरेच्या गार पाण्यात ठेचून घालेल.

१० फेब्रुवारी, दुपारी.
व्हरांड्यात तेरेरे पिणाऱ्यांचं कोंडाळं. बर्फाच्या पाण्याचा जग, शिंगाचा एक पेला, एक नळी, दहा तोंडं. शी! माझा पेला वेगळा, नळी वेगळी, पानं माझ्याच खलात ठेचलेली. शिक्षणाचा उपयोग हाच.

२१ फेब्रुवारी.
अर्काच्या गटाचा रक्तदाब उतरला. मला माहीतच होतं.
पिठाच्या गटाचाही उतरला. तेवढाच.
मशीन बिघडलंय. दुसरं आणवलं. तेही बिघडलंय. मग निमियानेच कॅप्सूल मिसळल्या असणार. तर म्हणते, "मला हात तरी लावू दिलात का, बाई?" उद्धट.

२४ फेब्रुवारी.
फ्रेतेस आली ती थेट कोंडाळ्यात बसली. एक घोट घेतला, पाण्याच्या जगचं झाकण उघडून पाहिलं.
"बाई, यात कोकू आहे."
"असणारच. मीच दिलाय."
"मग पिठाच्या गटाने काय घेतलं?"
सिरिलोला सगळ्यांसमोर विचारलं, औषधी पाला घेणार नाही अशी शपथ घेतली होतीस ना? तो म्हणाला, "औषध कुठलं, बाई? पाणीच की ते!" अगदी बरोबर. मीही फ्रेतेसला तेच सांगणार होते.


२५ फेब्रुवारी.
डीनकडून शेवटची संधी. नवा प्रयोग : दोन आठवडे तेरेरे बंद. उद्या संध्याकाळपर्यंत आठ नावं हवीत. यादी दारावर लावली. या लोकांना संयम शिकवायलाच हवा. पहिलं नाव माझं. शाईने.

२६ फेब्रुवारी, सकाळी.
दुसरं नाव नाही. सिरिलो म्हणतो, "बायको सोडायला सांगा, बाई, विचार करतो." सगळे खिदळले. दुबळी माणसं.

दुपारी.
चाळीस अंश. खल दिसू नये म्हणून कपाटात ठेवला.

थोड्या वेळाने.
खल काढला. माझं नाव खोडलं. एकटीने प्रयोग करणं अशास्त्रीय आहे.

संध्याकाळी.
प्रयोगशाळेची किल्ली फ्रेतेसला दिली. "बसा, बाई," म्हणाली आणि कोंडाळ्यातला पेला माझ्यापुढे धरला.
पानं नीट ठेचलेली नव्हती. पेला दुसऱ्यांदा भरून आला, तेव्हाही नव्हती.