तिसरी पुकार

१२ जानेवारी, रविवार

वाचली! तिसरी पुकारही वाचली मी. आवाज जरासुद्धा कापला नाही.

होणाऱ्या जावयाचा, देवदत्तचा, सांगलीहून काल दुपारी फोन. लग्न करायचं नाही. कारण नाही, काही नाही! अंकिता माझ्याजवळ येऊन म्हणाली, "मम्मी, उद्या वाचू नकोस." पण दोन रविवार चर्चमध्ये मंडळीसमोर वधूवरांची नावं पुकारून झालेली. तिसऱ्यांदा वाचलं की लग्न लागायला मोकळं. म्हटलं, आपण का माघार घ्यायची? देव त्या पोराचं मन वळवील. नाहीतर विश्वास कशाला म्हणायचं? मंडळीची चिटणीस मीच, कागद माझ्याच हातात. "कोणाची हरकत असल्यास आताच सांगावे," असं वाचून नेहमीसारखी थांबले.

अंकिता तिसऱ्या बाकावर होती. उठली आणि बाहेर निघून गेली. सगळ्या माना तिच्याकडं.

१३ जानेवारी

जेवली नाही.

१५ जानेवारी, बुधवार

दाराला आतून कडी. ताट ठेवते, तसंच उचलते. न्हाणीपुरती बाहेर येते, माझ्याकडं बघत नाही. ह्यांना मिलिटरीतून येऊन बारा वर्षं झाली, पण घरात तोंड उघडायला अजून कुणाची तरी ऑर्डर लागते. आज बोलले. "तू वाचायला नको होतंस." मला कळत नाही का ते? आयतं जखमेवर मीठ!

रहिमतपूरभर झालंय. दूधवालासुद्धा विचारतो, "बाई, ताई बऱ्या हायत न्हवं?"

प्रभू, कुणालातरी पाठव. शहाणं, प्रार्थनेचं माणूस पाठव.

१७ जानेवारी

पाळकसाहेब साताऱ्याहून मुद्दाम आले. बंद दाराशी उभं राहून वीस मिनिटं प्रार्थना केली. आतून हूं नाही की चूं नाही. चहा घेताना म्हणाले, "बाई, ती मोकळेपणानं कुणाशी बोलते?" हे म्हणाले, "क्रांतीशी."

क्रांती म्हणजे माझी नणंद. सात वर्षांपूर्वी नवऱ्याला सोडून उंब्रजच्या दादासो ट्रकवाल्याबरोबर राहायला गेली ती. लग्न नाही, काही नाही! हायवेला दोघांची अंडाभुर्जीची गाडी आहे. तिला मंडळीतून कमी केल्याचं पत्र मीच लिहिलं. कमिटीनं चार ओळी सांगितल्या होत्या. पाचवी माझ्या पदरची — "आम्हाला तू मेलीस. आमचा उंबरा चढू नकोस."

आणि माझी पोरगी हिच्याशी बोलते? कधीपासून? मला कुणी सांगितलं का नाही?

१९ जानेवारी, रविवार

चर्चला गेले नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा. ताप आहे असं कळवलं. खोटं!

दुपारी ती न्हाणीत गेली तेव्हा खोलीत शिरले. लग्नाच्या साड्यांच्या घड्या करून ठेवल्यात, प्रत्येकीवर चिठ्ठी. कुणाला कुठली द्यायची ते. घड्याळसुद्धा शेजारच्या मुलीच्या नावानं. आरडाओरडा करावा तर भीती, गप्प बसावं तर भीती. ह्यांना दाखवलं. ह्यांनी काही न बोलता फोन उचलला. कुणाला लावला, ते मी विचारलं नाही.

२० जानेवारी, सोमवार

रात्रभर दोघंही तिच्या दाराशी बसून होतो.

सकाळी स्कूटर वाजली. क्रांती! अंगाला कांद्याचा वास, केस कसेबसे बांधलेले. पायरीवर येऊन थांबली. म्हटलं, उभी का? तर म्हणते, "मेल्यालं मानूस उंबरा कसं चढंल, वहिनी? माझ्या भावानं बोलावलंय. तुमी न्हाई."

काय माज! पण आत पोरगी. तोंड कडू झालं, तरी म्हणाले, "ये."

"अवं, मोठ्यानं म्हना की."

"ये, बाई, ये!"

प्रार्थना नाही, बायबलचं वचन नाही, काही नाही. अंकिताच्या दाराशी फतकल मारून बसली, पिशवीतला लसूण काढला आणि लागली सोलायला. तासभर नुसती बडबड. कुठला ड्रायव्हर किती मिरच्या खातो, दादासो कसा घोरतो! मला वाटलं, हिला हाताला धरून बाहेर काढावं. मग एकदम आवाज उतरवून म्हणाली, "अंके, तुझ्या मनात काय हाय, मला ठावं हाय. माझ्याबी मनात हुतं. दार उघड. मी कुनाला काय सांगनार न्हाई."

कडी निघाली.

मी स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी. आतनं रडणं ऐकू आलं. आठ दिवसांत पहिल्यांदा रडली पोर.

२२ जानेवारी

क्रांतीनं तिला कराडच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. मनाच्या डॉक्टर. मला हे सुचलंच नव्हतं. गोळ्या सुरू केल्यात, एकटं सोडायचं नाही म्हणाल्यात. तिथनं तशीच उंब्रजला घेऊन गेली. "आठ दिस राहू द्या माझ्यापाशी." भुर्जीच्या गाडीवर माझी एम.कॉम. झालेली पोरगी! लोक काय म्हणतील — असं तोंडावर आलं होतं. गिळलं.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन, उपासना, मग थेट उंब्रज. अंकिता अंडी फोडत होती. एक हातातनं निसटलं, चपलेवर फुटलं, तर हसली. दादासोनं मला खुर्ची पुसून दिली. "बसा, बाई." एवढंच बोलला बिचारा. प्लेट पुढं आली. खाल्ली सगळी.

देवा, मी शहाणं माणूस मागितलं होतं. तू हिला पाठवलंस. मला राग येतोय, आणि कुणावर येतोय तेच कळत नाही.

३० जानेवारी, गुरुवार

आज धीर करून विचारलं, "तुला कसं कळलं गं, पोरीच्या मनातलं?"

गिऱ्हाईक नव्हतं. क्रांती तवा घासत होती. "सात वर्सांमागं मीबी सगळं वाटून मोकळी झाल्याली. माझा त्यो नवरा लय मारायचा, वहिनी. तुमी कुनी इचारलं न्हाई. दादासोकडं आले, तर वाटलं ह्येच्याबी गळ्यात धोंड कशाला? ठरवलं सगळं. त्याच दुपारी तुमचं पत्र आलं. 'आम्हाला तू मेलीस.' असा संताप आला! म्हटलं, ह्या बयेचं म्हननं खरं करू व्हय? आता तर मरतच न्हाई. जगून दावते तिला!" आणि हसायला लागली. मनापासून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर.

मला काही हसू येईना. मारायचा? आणि तिनं नवरा सोडला म्हणून मी पत्र लिहीत बसले होते! बायबलात देव गाढवाच्या तोंडूनही बोलतो, हे वीस वर्षं संडेस्कूलच्या मुलांना शिकवतेय. गाढव कोण, ते आज कळलं. बरं, यात माझं पुण्य काय? काही नाही. मी तर तिला मेलेलीच धरली होती. त्यानं माझा दुष्टपणासुद्धा वाया जाऊ दिला नाही, एवढंच. माफी मागावी म्हणून तोंड उघडलं, तेवढ्यात ट्रक येऊन थांबला आणि ती उठली.

झोप नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

कमिटीत ते पत्र मागं घ्यायचा ठराव मीच मांडला. मंजूर झाला. क्रांतीनं मारहाण सोसली तेव्हा आपण कुठं होतो, हेही विचारलं. दुपारी उंब्रजला जाऊन तिला म्हटलं, "माझं चुकलं. ये परत मंडळीत."

कांदा चिरता चिरता म्हणाली, "येते की. पन वहिनी, तुमी कवा येनार?"

वीस वर्षं पहिल्या बाकावर बसतेय मी. तरी मंडळीत अजून आलेच नाही, हे तिनं ओळखलं; मी तिच्याशेजारी बसून दुसरा कांदा चिरायला घेतला.