कॉलरमधला बर्फ

४ फेब्रुवारी
ताईची जाम जिरवली!

पाण्यात म्हणे हलकं-जड असतं. जितक्या उंचावरचं, तितकं हलकं. ताईच्या लॅबमधलं मशीन ते ओळखतं. "कुठलंही आण, सांगते," म्हणाली. मग काय — स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी पातेल्यात, पातेलं फ्रीजरमध्ये. अर्धं गोठलं. बर्फ वितळवून एका बाटलीत, न गोठलेलं दुसरीत.

दोन्ही ताईच्या हवाली. आज मशीनला विचारून बाई रुबाबात, "हे डोंगरमाथ्याचं. हे पायथ्याचं."

"एकाच नळाचं, ताईसाहेब!"

चप्पल आली. चुकवली. मग तिलाच हसू फुटलं. "माकडा, गोठताना बर्फ जड पाणी जास्त ओढून घेतो. उरतं ते हलकं. फसवलंस! पण माझ्या झऱ्याचं पाणी गोठलेलं नाही. तिथे दाखव फसवून!"

५ फेब्रुवारी
जेवताना झऱ्याचंच पुराण. मागच्या टेकडीचा झरा — थंडीत त्याचं पाणी एकदम हलकं होतं, म्हणजे ते पार वरच्या शिखरांवरून येतं. हा शोध ताईचा. शुक्रवारी मोठ्या लोकांपुढे मांडणार. जमलं तर नोकरी पक्की.

बाबांची छाती फुगलेली. "ही तेव्हा तापाने फणफणलेली. थंडीतलं पाणी मीच आणून भरलं, बरं का!"

हसता हसता मी ताट तसंच ठेवून उठले.

६ फेब्रुवारी
दिवसभर कुणाची खोडी काढली नाही. आई कपाळाला हात लावून बघून गेली.

७ फेब्रुवारी
परवापासून डोळ्यांपुढून हलत नाही. बाबा झऱ्याच्या पाण्याचा डबा रात्री मागच्या ओट्यावर ठेवायचे. सकाळी वर बर्फाचा हा जाड थर! बर्फ काढून खालचं पाणी तेवढं ताईच्या बाटल्यांत ओतायचे. "बर्फ कशाला, कचरा नुसता!"

बर्फ मी घ्यायचे. एकदा तर त्यांच्याच कॉलरमध्ये टाकला. काय नाचले होते!

म्हणजे झऱ्याचं जड पाणी बाबांच्या पाठीवरून ओघळून गेलं. शिखरं-बिखरं काही नाही. आमच्या पातेल्यासारखंच सगळं.

गप्प बसले तर कुणाला कळणार आहे? पण शुक्रवारी कुणी विचारलंच तर? सगळ्यांसमोर?

८ फेब्रुवारी
ताईला सांगितलं. वाटलं, चप्पल येईल. नाही आली. तिने सरळ लॅबला फोन लावला — "शुक्रवारचं माझं नाव काढा. माझ्या हातून चूक झाली."

माझ्या हातून, म्हणे!

फोन ठेवला आणि माझा कान धरला. हळूच.

"बाबांना कळता कामा नये. काय?"